आप्पांच्या अंगावरच्या गांधी

मागच्या सप्टेंबरात माझ्या हातचा चहा पिऊन आप्पांच्या अंगावर गांधी उठल्या. पुण्याकडे पित्त उठलं म्हणतात, आमच्या इंदापूर भागात गांधी. चहा दूध-साखरेचा नव्हता, एकिनेशियाचा, म्हणजे कोनफ्लॉवर नावाच्या फुलझाडाचा होता. मी बारामतीला डी.फार्म. केलेली बाई, इथे अमेरिकेत, कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला एका औषधाच्या दुकानात बारा वर्षं फार्मसी टेक्निशियन आहे. तेव्हा मला कुठे माहीत होतं, असं म्हणायची सोय नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गावाहून जूनमध्ये आले. जुलैत मागच्या अंगणातला कोनफ्लॉवरचा ताटवा फुलला. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली कललेल्या आणि मधोमध नारिंगी-तपकिरी काटेरी बोंड. एकिनेशिया हे नाव त्या बोंडावरूनच पडलंय, ग्रीकमध्ये एकिनोस म्हणजे हेजहॉग, अंगभर काटे असलेला प्राणी. आप्पांनी एक पान चुरगाळून हुंगलं, बोंड अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही शेवंतीच्या भावकीतली दिसती."

भावकीच. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई, सगळं एकच कूळ. मी कौतुकाने हसले आणि विसरून गेले.

शेजारच्या आजी पश्चिम कॅन्ससच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या लहानपणी पोरं माळावर जाऊन याच्या भावंडाची, अरुंद पानांच्या अँगस्टिफोलियाची मुळं खणून विकायची आणि खाऊचे पैसे मिळवायची. त्या झाडाचं सोटमूळ खडकाळ जमिनीत पुरुषभर खोल जातं, म्हणजे खाऊ काही फुकट मिळत नव्हता. त्यांच्याकडच्या बरणीतला वाळलेल्या मुळाचा एक तुकडा त्यांनी आम्हाला चावायला दिला. मिनिटभरात जिभेला मुंग्या आल्या, तोंडाला पाणी सुटलं, मग जीभ बधिर. आप्पांचा चेहरा खुलला. "अगं, ह्यो तर अक्कलकारा!"

दात दुखला की गावाकडे अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड दाढेखाली धरायचे, ते आठवतंय ना? तेच. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि झिणझिण्या आणणारी द्रव्यंही एकाच जातीची, अल्किलअमाइडं. या माळरानावरच्या मूळ लोकांनी त्याचा उपयोगही तोच शोधला होता. लाकोटा, पॉनी, ओमाहा, शायेन या जमाती दातदुखीला, दुखऱ्या घशाला, भाजल्यावर आणि साप-किडा चावल्यावर हे मूळ वापरायच्या. मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली मिसूरी नदीकाठच्या जमातींच्या वनस्पतींची नोंद छापली, तिच्यात विनेबागो जमातीतला एक माणूस सांगतो की, या मुळाने तोंड बधिर करून आपण लोकांना दाखवायला जळता निखारा तोंडात धरायचो. आप्पांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "जत्रंतबी असलीच मानसं असत्यात."

मग गोऱ्यांच्या हाती हे झाड लागलं आणि त्याचं दुकान झालं. नेब्रास्कातल्या पॉनी सिटीत मायर नावाचा एक गृहस्थ १८८० च्या दशकात या मुळाचं 'रक्तशुद्धी'चं औषध विकायचा. ते किती खरं हे दाखवायला त्याने सिनसिनाटीच्या जॉन किंग आणि जॉन उरी लॉइड या जाणकारांना कळवलं, की तुमच्यासमोर रॅटलस्नेक चावून घेतो आणि माझंच औषध घेऊन बरा होऊन दाखवतो. त्यांनी ते प्रात्यक्षिक काही मान्य केलं नाही. पण पुढे याच लॉइडच्या कंपनीने एकिनेशिया जोरात विकलं. १९०९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ते निरुपयोगी ठरवलं, तरी खप चालूच होता. नंतर जर्मनीत माडाउस या औषधं बनवणाऱ्यांनी ते उचललं. सांगतात की, त्यांना बी हवं होतं अँगस्टिफोलियाचं आणि हाती आलं पर्प्युरिया या दुसऱ्या जातीचं, म्हणून जर्मन संशोधन बरंचसं पर्प्युरियावर झालं. साप मागे पडला आणि सर्दी पुढे आली ती मुख्यतः या जर्मन वळणानंतर.

सर्दीवर चालतं का? दुकानात मला हा प्रश्न ऑक्टोबर ते मार्च रोज येतो. २००५ मध्ये ३९९ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून अँगस्टिफोलियाच्या मुळाचा अर्क देऊन पाहिला, फरक पडला नाही. २०१० मध्ये विस्कॉन्सिनात ७१९ जणांवर पाहिलं. सर्दी सरासरी अर्धा दिवस आधी गेली, पण तेवढं निव्वळ योगायोगानेही घडू शकतं. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २४ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की, काही अर्कांचा थोडा उपयोग असेलही, पण ठाम सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर आल्याचा काढा घ्या आणि झोपा, अर्धा दिवस त्यानेही सुटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटलीत काय आहे. इथे हे 'सप्लिमेंट' म्हणून विकलं जातं, विकण्याआधी ते चालतं हे सरकारला दाखवावं लागत नाही. डेन्व्हर भागातल्या दुकानांतून घेतलेली ५९ एकिनेशिया उत्पादनं तपासली, त्याचा अहवाल २००३ मध्ये आला. त्यातल्या सहांमध्ये एकिनेशिया सापडलंच नाही आणि लेबलावर लिहिलेली जात आत असलेली जेमतेम निम्मी. पूर्वीपासून या मुळात भेसळ व्हायची ती पार्थेनियम इंटिग्रिफोलियम नावाच्या झाडाच्या मुळाची. पार्थेनियम हा शब्द वाचून तेव्हाच माझ्या कपाळावर आठी पडायला हवी होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांना 'सर्दी' झाली. पाण्यासारखं नाक, सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, डोळे लाल आणि खाजरे. ताप नाही, अंगदुखी नाही, घसा नाही. दुकानात हेच कुणी सांगितलं असतं तर मी डोळे झाकून ॲलर्जीच्या गोळ्यांचा कप्पा दाखवला असता. पण घरचा माणूस समोर असला की आपण फार्मसीवाले राहत नाही, मुलगी होतो. अंगणातली पानं-फुलं मी हौसेने वाळवून ठेवली होतीच. मूठभर उकळली, मध घातला. आप्पांनी नाक मुरडून दोन कप घेतले.

तासाभराने मानेवर चट्टे, मग दंडांवर, मग पापण्या सुजल्या. श्वास ठीक होता, घसा आवळल्यासारखा नव्हता. तसं काही असतं तर थेट ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर लावायचा, घरात गोळ्या शोधत बसायचं नाही. ॲलर्जीची सेट्रिझिन दिली आणि अर्जंट केअरला, म्हणजे वेळ न ठरवता जाता येतं अशा दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंचा पहिलाच प्रश्न, यांना रॅगवीडची ॲलर्जी आहे का? मी म्हटलं, आमच्याकडे ही भानगडच नाही. (प्रवासी विमावाल्यांनीही नंतर तेच विचारलं, आधीपासून ॲलर्जी होती का. तिथेही मी छातीठोक 'नाही' म्हणाले. ते एक प्रकरण अजून मिटलेलं नाही.)

रॅगवीड म्हणजे इथलं रानटी तण. ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं हिव पडेपर्यंत त्याचे पराग हवेत असतात आणि निम्मं गाव शिंकत असतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांना त्याच्या भावकीतली झाडंही बाधू शकतात, त्यात कोनफ्लॉवर आला. मी आप्पांच्या नाकातल्या एका भाऊबंदावर दुसरा भाऊबंद पाजला होता.

चार दिवसांनी आप्पा बरे झाल्यावर आम्ही इंडियन क्रीकच्या पायवाटेने फिरायला गेलो. कुंपणाशी कमरेइतकं वाढलेलं तण होतं, पानं गाजरासारखी कातरलेली. आप्पा थबकले. "गाजरगवत हितं कसं आलं?"

ते गाजरगवत नव्हतं. रॅगवीड होतं. पण त्यांचं चुकलंही नव्हतं. इंग्रजीत गाजरगवताला रॅगवीड पार्थेनियम असंही नाव आहे, आणि एकाच्या परागांवर बिथरणारं शरीर दुसऱ्यावरही बिथरू शकतं. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणून लोक ज्याला काँग्रेस गवत म्हणायचे, ते हेच पार्थेनियम. आप्पांनी चाळीस वर्षं बांधावरचं गाजरगवत उघड्या हातांनी उपटलं. दर पावसाळ्यात त्यांची मान, कोपराची लवण आणि पापण्या काळवंडून सोलायच्या. आई खोबरेल लावायची. आम्ही त्याला कधी ॲलर्जी म्हटलंच नाही. 'आप्पांना गवत लागतं' एवढंच म्हणायचो. डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं, फक्त वेगळ्या भाषेत होतं.

आता दुकानात कुणी एकिनेशियाची बाटली हातात घेतली की मी आधी विचारते, झेंडू-शेवंतीने शिंका येतात का? आपलं माणूस असेल तर सरळ, गाजरगवत लागतं का? मग बाकीचं. किडनी बदलल्यावरच्या किंवा संधिवाताच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ल्यूपस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणारा आजार असेल तरी नको. दिवस गेले असतील तर पुरेशी माहिती नाही, मग कशाला? युरोपात दहा दिवसांवर घेऊ नका आणि १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असा सल्ला आहे. ४०७ मुलांवरच्या २००३ च्या अमेरिकी चाचणीत सर्दी तर आटोपली नाहीच, वर अंगावर पुरळ जास्त मुलांना आलं. आणि कॉफीबाजांना हे अर्क कॅफीन शरीरातून निघायला वेळ लावतात, रात्री छताकडे बघत पडाल.

ताटवा मी ठेवलाय. बघण्याने कुणाला गांधी उठत नाहीत आणि गोल्डफिंच पक्षी बी खायला येतात. वाळवलेल्या पानांची बरणी मात्र ओतून दिली.

तर त्या पायवाटेवर हे सगळं मी आप्पांना सांगितलं. कमरेवर हात ठेवून ते ऐकत होते. "म्हंजे आपल्याकडं आलं ते हितलंच?"

"गव्हातून आलं म्हणतात."

"आन् हितं ह्ये कोन उपटत न्हाई?"

मी म्हटलं, आप्पा, हात लावू नका, परत गांधी उठतील. तोवर ते कुंपणाशी वाकले होते. "चाळीस वर्सं तिकडं उपटलं. हितं एक तर उपटू दे."

मी गाडीतले हातमोजे आणायला पळाले.