फॉस्फेट शून्यावरून हलेना

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हिरवं, लाल, तपकिरी काहीही उगवलं तरी आमच्याकडच्या दुकानात औषध एकच: पाणी बदला, खाणं कमी करा, फॉस्फेट रिमूव्हर टाका. हिरव्या केसाळ शेवाळाला हा उपाय बऱ्याचदा चालतोही. माझ्या टँकचा आजार नेमका उलटा होता. ते दुकानदाराच्या गळी उतरवताना माझा जेवढा घसा कोरडा पडला, तेवढा त्रास त्या तपकिरी घाणीनेही दिला नसेल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गोव्यात रीफ टँक ठेवणारे मोजकेच, आणि त्यांतल्या निम्म्यांना हाच सल्ला मिळत असणार.

टँक फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये आहे. सम्प (पाणी गाळणारी जोडटाकी) धरून साधारण दोनशे लिटर पाणी. झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर हे मऊ प्रवाळ, देशातच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी आणि काच चाटणाऱ्या गोगलगायी. खडक सगळा कोरडा, विकतचा. समुद्र एवढा जवळ असून कोरडा खडक कशाला, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. ग्रांदे बेटाजवळ प्रवाळ आहेत, हे खरं. पण दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नसतो. हणजुणेच्या खडकांवर ओहोटीला झोआंचे गालिचे दिसतात, तेही तिथेच छान दिसतात. शिवाय त्या जातीच्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोआ असलेला खडक घरी उकळायचा किंवा उघड्या हातांनी घासायचा नाही, हे आत्ता आठवलं म्हणून इथेच सांगून टाकते.

कोरड्या खडकाचा तोटा असा की तो ओसाड असतो. समुद्रातल्या खडकावर जागेसाठी भांडणारे शेकडो सूक्ष्म जीव असतात, इथे कुणीच नसतं. रिकाम्या घरात जो आधी शिरतो तो मालक होतो.

सायकलिंग (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आधी रुजवणं), मीठ, पहिले मासे हे सगळं सुरळीत झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पावसाळा लागला आणि वाळूवर तपकिरी थर दिसायला लागला. नव्या टँकमध्ये डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळं, येतात आणि जातात, म्हणून मी गप्प राहिले. पण हा जाईना. सकाळी दिवे लागायच्या आधी वाळू जवळजवळ स्वच्छ असायची. दुपारपर्यंत खडकावरून शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबायचे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा एकेक बुडबुडा. मग गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. उताण्या पडायच्या, सरळ केल्या तरी पुन्हा उताण्या. झोआ मिटून बसले.

इथे पहिलं काम ओळख पटवायचं, औषध नंतर. लाल किंवा जांभळट थर चादरीसारखा अख्खा सोलून निघाला तर तो सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. डायटम म्हणजे धूळ, बोट लावलं की उडते. शंका असेल तर घरच्या घरी एक चाचणी होते. थोडी घाण टँकच्याच पाण्यासकट बाटलीत घ्यायची, जोरात हलवून धागे मोडायचे, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळायचं आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवायचं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे जमले तर ते डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. माझ्या बाटलीत जमले.

पण डायनो म्हटल्याने भागत नाही, कुठला ते कळावं लागतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई उच्च माध्यमिकला प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत चारशे पट मोठं करून पाहिलं. एका बाजूला निमुळत्या, थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकाशी जणू खुंटीला बांधल्यागत जागच्या जागी गरगर फिरणाऱ्या. बाई म्हणाल्या, "अगं, ह्या तर नाचतायत!" तो ऑस्ट्रिऑप्सिस. हा रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील किरणांसमोरून फिरवणारा दिवा, चालतो. आणि तो विषारी असतो, त्यामुळेच गोगलगायी मरत होत्या. वाळूतच बसून राहणारा अँफिडिनियम निघाला असता तर यूव्हीवर घातलेले पैसे पाण्यात गेले असते. त्याच्यासाठी लोक सिलिकेट देऊन डायटम वाढवतात आणि त्यांच्याकडून त्याची जागा बळकावून घेतात.

आता मूळ दुखणं. टँकमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. टँक उभारतानाच दुकानदाराने गरजेपेक्षा मोठा स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा रिअ‍ॅक्टर गळ्यात मारला होता. मासे दोन, उपसा दहा माशांचा. मी फोन करून आकडे सांगितले तर म्हणतो, "मॅडम, शून्य म्हणजे बेस्ट! लोक शून्यासाठी मरतात." आणि शून्य असताना ही घाण कशी, तर, "तुमचं किट चुकतंय. पाणी बदला." मी पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी धागे दुप्पट. हे सांगितलं तर, "अजून बदला."

शून्यावर हिरवं शेवाळ मरतं, उपयोगी जिवाणू उपाशी राहतात, प्रवाळही उपाशी. डायनोचं मात्र चालतं, कारण त्यांतले बरेच जण प्रकाशावर जगतातच, शिवाय जिवाणूही खातात. स्पर्धक उपाशी मारायचे आणि मैदान त्यांना द्यायचं, असा तो 'बेस्ट' शून्य. रीफ टँकमध्ये नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असावं, हे मी ताडून पाहून ठरवलं. रिअ‍ॅक्टर बंद केला, स्किमर फक्त रात्री चालू ठेवला, पाणी बदलणं थांबवलं. घाण काढताना पाणी बारीक सॉकमधून (गाळायच्या पिशवीतून) गाळून तेच परत टँकमध्ये. विषासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन.

मग खत. वेंगुर्ल्याला भावोजींची आंब्याची कलमं आहेत. त्यांना विचारलं, "भावोजी, शून्य-बावन्न-चौतीस आहे का तुमच्याकडे?" ते हसले, "माशांना मोहोर आणायचाय काय?" ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दोन्ही कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणाऱ्या पुडीत मिळतात. शेजारीच १२:६१:० ठेवलेलं असतं. ते चुकूनही घेऊ नका, त्यात अमोनिया असतो. १९:१९:१९ सुद्धा नको. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेलं काहीच नको, तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचं मिळालं तर ते केव्हाही चांगलं.

हिशोब असा: १.४३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट एक लिटर आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात. त्याच्या १ मिलीत १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं. दोनशे लिटरला १० मिली घातलं की ०.०५ पीपीएम वाढ. पोटॅशियम नायट्रेट १६.३ ग्रॅम एक लिटरमध्ये, त्याचे २० मिली म्हणजे दोनशे लिटरला १ पीपीएम. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "टाकीत शेवाळ झालंय म्हणून खत घालणारी तूच पहिली," म्हणाल्या. प्रश्न रास्त होता आणि मला तो रोज ऐकावा लागला.

नायट्रेट काही दिवसांत चढलं. फॉस्फेट चढेना. संध्याकाळी १० मिली, सकाळी चेकरवर (फॉस्फेट मोजायच्या छोट्या यंत्रावर) ०.००. वीस मिली, सकाळी ०.००. ह्या चेकरची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना माझी चिडचिड समजेल. काचेच्या कुपीत १० मिली पाणी, बोटाचे ठसे पुसून पहिली नोंद. मग पुडीतली पावडर एक कणही बाहेर न सांडता आत, दोन मिनिटं हलकेच हलवायचं, बुडबुडा राहिला तर आकडा खोटा, मग बटण दाबून धरायचं आणि तीन मिनिटांची उलटी मोजणी बघत उभं राहायचं. एवढं करून शून्य. ऑफिसला जायची घाई, बाहेर धो धो पाऊस, आणि शून्य.

दुकानदार म्हणाला तसं उपकरणच चुकतंय का, हे मी तपासलं. डोस घातल्यावर तासाभराने मोजलं तर ०.०६ दाखवत होतं, म्हणजे उपकरण ठीक. रात्रीत ते फॉस्फेट कुठेतरी जात होतं. ते जात होतं खडकात आणि वाळूत. कोरडा चुनखडीचा खडक पाण्यातलं फॉस्फेट स्वतःच्या पृष्ठभागावर ओढून घेतो, तो भरल्याशिवाय पाण्यात काही राहत नाही. उरलेलं भुकेले जिवाणू खातात. रिअ‍ॅक्टर बंद केला तरी माझे खडकच रिअ‍ॅक्टर होऊन बसले होते. ह्या टप्प्यावर लोक हात टेकतात आणि पुन्हा पाणी बदलायला लागतात. इथेच चिकाटी ठेवायची. डोस एकदम दहापट करायचा नाही, थोडा थोडा वाढवायचा आणि दिवसाच्या दोन वेळांत विभागायचा.

मधेच चवथ आली. गावच्या घरी जाणं भागच. शेजारच्या मुलाला दिवसागणिक भरलेल्या सिरिंजा डब्यात लावून दिल्या, दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवून. बाटली आणि मोजमाप दुसऱ्याच्या हाती कधी देऊ नका, भरलेली सिरिंज द्या. त्याने काम चोख केलं, पण गणपतीसमोर बसूनही माझा जीव त्या कुपीत.

नायट्रोजन आणि फॉस्फरसचं रेडफिल्डचं १६:१ हे प्रमाण पाळा, असाही सल्ला ह्या काळात मिळाला. अ‍ॅल्फ्रेड रेडफिल्डने ते समुद्रातल्या प्लवकांतल्या अणूंबद्दल मांडलं होतं. ते किटवरच्या पीपीएमना जसंच्या तसं लावता येत नाही, आणि दोन्ही आकडे शून्य असताना गुणोत्तर काढून करायचं काय?

यूव्ही कुरियरने आला, उशिरा पण धड. साधारण दर दहा-बारा लिटरला एक वॅट धरा, पाण्याचा वेग कमी ठेवा, आणि पंप सम्पमध्ये न ठेवता मुख्य टँकमध्येच ठेवा, कारण रात्री डायनो तिथल्या पाण्यात तरंगतात. सुरुवातीला तीन दिवस टँक पूर्ण अंधारात ठेवला, चादरी लावून. वीज जायची तेव्हा मी रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी टँकमध्ये परत नेणारा) आधी इन्व्हर्टरवर घ्यायचे, यूव्ही नंतर.

अंधार उठवल्यानंतर वाळू स्वच्छ होती, पण ते खरं नव्हे, डायनो परततात. एका सकाळी चेकरवर ०.०२ आलं. ह्या उपकरणाची चूकच ०.०२ पर्यंत असते, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पुढे ०.०४ आलं. तेव्हा मात्र सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी?" आणि थोड्याच दिवसांत मागच्या काचेवर हिरवी साय धरली. साधं, गुळगुळीत, हिरवंगार शेवाळ! ते मी मुद्दाम तसंच ठेवलं. समोरची काच घासते, मागची नाही. नव्या गोगलगायी त्यावर चरतात आणि सरळ उभ्या राहतात.

०.०५ दिसल्याबरोबर डोस निम्मा केला. खडकाने प्यालेलं फॉस्फेट पाण्यातलं प्रमाण उतरलं की परत सुटतं, त्यामुळे डोस थांबवल्यावरही आकडा मागून चढू शकतो. आता डोस क्वचितच लागतो, माशांचं खाणं पुरतं. फॉस्फेट ०.०३च्या खाली घसरलं तर रिटर्नच्या नळीजवळ एखादा तपकिरी धागा दिसतो, की मी बाटली काढते. ते द्रावण गढूळ झालं तर फेकून नवं करायचं. यूव्हीच्या काचनळीवर पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने निघतो. आतली ट्यूब पेटलेली दिसत असली तरी साधारण वर्षाने बदला, उजेड दिसतो पण मारक किरण कमी झालेले असतात.