कळसूबाईवरचा रिपीटर आणि सांदणच्या तळाचा धडा

‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरावर रिपीटर (आलेला रेडिओ संदेश पुन्हा जोराने प्रसारित करणारे यंत्र) ठेवला, की खालचा सगळा मुलूख आपोआप आवाक्यात येतो,’ या सल्ल्यावर विसंबून आम्ही चौघे परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, फेब्रुवारीत कळसूबाईला गेलो, आणि तीन दिवसांनी परतलो तेव्हा हा सल्ला यापुढे कोणी कोणाला देऊ नये, असे माझे ठाम मत झाले होते. सांदण या अरुंद, खोल दरीत कोणी जखमी झाले, तर मदतीला उतरलेल्या पथकाला वर बोलता यावे, एवढाच आमचा हेतू होता. त्या दरीत मोबाइल लागत नाही.

बारी गावातून वर जाणारी वाट मळलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी लिहीत नाही. फक्त एक सांगतो: शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुमारे तीस किलोंची असते आणि लोखंडी शिड्यांवर ते ओझे माणसाला मागे ओढते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची येते. ती महाग आहे, तरी तीच घ्यावी.

१६४६ मीटरवर पोहोचून आम्ही १४५ मेगाहर्ट्झचा रिपीटर सुरू केला. पंचवीस वॉटवर तो लांबपर्यंत स्वच्छ ऐकू जात होता, पण सांदणच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाहून हातसेटवर बोलणाऱ्या आमच्या साथीदाराचा आवाज रिपीटरचा ट्रान्समीटर चालू होताच तुटायचा. साम्रदचे हवाई अंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर आहे. दोन तास आम्ही अँटेना, केबल आणि टोन (रिपीटर उघडणारा ठरावीक सूर) तपासण्यात घालवले. शेवटी शक्ती पाच वॉटवर आणली आणि तोच आवाज परत आला, तेव्हा खरा दोष कळला: आमचाच ट्रान्समीटर आमच्याच रिसीव्हरला बहिरे करत होता. विक्रेत्याने ‘ट्यून करून दिला आहे’ असे सांगून दिलेला छोटा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारा फिल्टर) मुळात पाच मेगाहर्ट्झ अंतरासाठी बनवलेला होता. आपल्या पट्ट्यात येण्याच्या व जाण्याच्या वारंवारितांमध्ये अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झचे असते आणि तेवढ्या जवळ पुरेसे विलगीकरण मिळवायला मोठ्या कॅव्हिटीच (धातूच्या पोकळ नळकांड्यांचे फिल्टर) लागतात. डुप्लेक्सर घरी मोजून घेतल्याशिवाय डोंगरावर नेऊ नये. विक्रेत्याच्या शब्दावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

दुसरा दिवस भंडारदऱ्याकाठी छान गेला.

तिसऱ्या दिवशी सांदणमध्ये उतरलो. तोंडाशी, साम्रदच्या पठारावर, कळसूबाईचा रिपीटर हातसेटवर भरभरून ऐकू येत होता. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येऊ लागले तसतशी खरखर वाढली, आणि पाण्याचा पहिला डोह ओलांडून पुढच्या दगडांच्या राशीवर पोहोचलो तेव्हा सेट पूर्ण मुका झाला. मी दगडावर उभा राहून अँटेना डोक्यावर धरली, जागा दोन-दोन पावले बदलत राहिलो, सेट आडवा धरून पाहिला, पण उपयोग झाला नाही. वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी आणि बाजूंना बेसॉल्टच्या भिंती, एवढेच होते. ज्या जागी माणसाचा पाय मोडण्याची शक्यता सर्वाधिक, नेमक्या त्याच जागी आमची यंत्रणा निरुपयोगी होती. नकाशावरची उंचीची रेषा पाहून आखलेल्या योजनेत हा डोह येतच नाही.

म्हणून पुढे जाणाऱ्यांनी आधी तळात उतरावे, तिथून काय ऐकू येते ते नोंदवावे आणि मग वरची जागा ठरवावी. आम्हाला उपयोगी पडलेला उपाय असा: दरीच्या तोंडाशी, जिथून आत सरळ डोकावता येते आणि मागे शिखरही दिसते, अशा काठावर क्रॉसबँड (एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर पाठवणारा), गाडीत बसवतात तसा रेडिओ सेट ठेवला, खालचे लोक ४३५ मेगाहर्ट्झवर बोलत आणि तो सेट त्यांचे बोलणे १४५ वर शिखराकडे पाठवत असे. यात एक अडचण हमखास येते. शिखरावरच्या रिपीटरची टेल (बोलणे थांबल्यावरही ट्रान्समीटर चालू राहण्याचा वेळ) लांब असेल, तर तेवढा वेळ क्रॉसबँड सेट खालच्या माणसाचे ऐकतच नाही, आणि मदत मागणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही. टेल एका सेकंदाच्या आत आणावी. शिवाय सेट अँटेनाच्या जवळ ठेवावा, कारण आरजी-५८ या बारीक प्रकारच्या तीस मीटर केबलीत १४५ वरची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती वाया जाते.

बारी ते साम्रद जीपसाठी आमच्याकडून ठरलेल्या पंधराशेऐवजी साडेतीन हजार घेतले गेले, थांबण्याचे वेगळे म्हणून. भाडे ठरवताना थांबण्याचे तास आधीच बोलून घ्यावेत. हा परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे कायमच्या जागेसाठी रेडिओच्या परवान्याखेरीज वनखात्याचीही परवानगी लागेल.

संध्याकाळी डोहापलीकडून साथीदाराने हाक दिली आणि शिखरावरच्या मित्राने ‘आवाज एकदम साफ’ म्हणून उत्तर दिले, तेव्हा मला खरोखर भरून आले. दरी वळते तिथून पुढे मात्र हाही दुवा तुटतो. कोकणात पूर्ण उतरणाऱ्या पथकाने त्या वळणावर सेट घेतलेला एक माणूस बसवूनच पुढे जावे.