लाखाचा स्वल्पविराम

एका पतसंस्थेच्या ठेवींचा अहवाल छापणारा जावा प्रोग्राम लिहिताना, रकमा आपल्या पद्धतीने, म्हणजे उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देऊन छापल्या जाव्यात म्हणून मी आकड्यांची मांडणी ठरवणाऱ्या डेसिमलफॉरमॅट या क्लासला ‘#,##,###’ असा साचा दिला. कागदावर मात्र १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ उमटले आणि रोखपाल बाईंना प्रत्येक रकमेवर पेन्सिल टेकवून एकं, दहं, शतं मोजत बसावे लागले.

याला बग म्हणावे तर अधिकृत दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिलेले आहे: साच्यात कितीही स्वल्पविराम असले, तरी शेवटच्या स्वल्पविरामानंतर जितके अंक येतात तेवढ्याच अंकांचे गट सगळीकडे पाडले जातात. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून लोकेलची, म्हणजे भाषा-देशानुसार आकडे-तारखा लिहिण्याच्या पद्धतीची माहिती मुळात सीएलडीआर या युनिकोडच्या सामायिक माहितीसंचातून घेतली जाते आणि तिथे भारतीय इंग्रजीचा साचा अचूक आहे. पण हा क्लास गटाचा एकच आकार लक्षात ठेवत असल्यामुळे लोकेल बदलूनही फरक पडत नाही. (लाख-कोटीत मोजणारे आपण काही मूठभर नाही, हे जाता जाता नोंदवतो.)

शेवटी गट पाडायचे की नाही हे ठरवणाऱ्या सेटग्रुपिंगयूज्डला फॉल्स (नाही) देऊन मी स्वल्पविरामच तात्पुरते बंद केले. १२३४५६७ वाचायला किचकट आहे खरे, पण भलत्या जागचा स्वल्पविराम जसा फसवतो तसे ते फसवत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. डेसिमलफॉरमॅटचा तोच ऑब्जेक्ट मी भरणा-अर्जातील रक्कम वाचण्यासाठीही वापरत होतो आणि ही सोय बंद केली की पार्स करताना, म्हणजे मजकुरातून आकडा वाचतानाही स्वल्पविराम ओळखला जात नाही. चाचणीत १२,३४,५६७ टाइप केले, तर प्रोग्रामने पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून कोणतीही एक्सेप्शन (चुकीचा इशारा) न देता बारा रुपये जमा केले! आता वाचण्यासाठी वेगळा ऑब्जेक्ट ठेवला आहे आणि पार्सपोझिशन, म्हणजे वाचन कुठवर झाले ते सांगणारी खूण, मजकुराच्या टोकापर्यंत पोहोचली नसेल, तर नोंद नाकारली जाते.

आयसीयूफोरजे या तयार जावा कोडच्या लायब्ररीतील त्याच नावाचा क्लास दुसऱ्या गटाचा आकार वेगळा ठेवतो, त्यामुळे तिथे हाच साचा बरोबर चालतो. सहामाही अहवाल पार पडले की छपाई त्यावर नेणार आहे. तोवर रोखपाल बाईंची पेन्सिल टेबलावरच राहील.