५०० म्हणजे ५००च

आज हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये कार्ड मोजायचं मशीन आलं. १२ वर्षं प्लास्टिकची ओळखपत्रं आम्ही हातानेच मोजत होतो. एका कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे ५००ची चळत ३८ सेंटिमीटर. त्यात एक कमी असलं तर डोळ्याला काय कळणार? नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर स्थिर विजेने दोन कार्डं अशी चिकटतात की बोटांनाही एकच वाटतं. मागच्या मे महिन्यात एका कॉलेजच्या गठ्ठ्यात ३ कार्डं कमी निघाली. रात्री दोनपर्यंत सगळे गठ्ठे सोडून मोजत बसलो होतो बाप्पा.

हे मशीन कार्डं सुटी करतच नाही. चळत आडवी ठेवायची, सेन्सर कडांवर प्रकाश टाकत सरकतो आणि एकेक कड मोजतो. काही सेकंदांत आकडा! मोजणीच्या टेबलावरच्या काकूंनी मुद्दाम एक कार्ड काढून घेतलं. पडद्यावर ४९९. परत खोचलं, ५००. मग त्या कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

उद्यापासून त्यांना छपाई तपासायला बसवतोय. फोटोतला रंग जरासा उतरला तरी त्यांना लांबून दिसतो.