डिझेलची पावती

20 सप्टेंबर 2017 ला मारिया वादळ पोर्तो रिकोवर, कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर, आदळलं, तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या घटस्थापनेची गडबड चालली होती. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. जवळच पर्थ अँबॉय आहे, तिथे पोर्तो रिकन लोकांची मोठी वस्ती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई मूळची तिकडचीच, उतुआदो नावाच्या डोंगरातल्या गावची. आई अजून तिथे, एकटी. सगळ्या बेटाची वीज गेलेली, मोबाइलचे मनोरे जवळपास सगळे बंद. ही रोज यायची, काम करायची आणि तासातासाला तोच नंबर लावून बघायची. नऊ दिवस गेले तसे. दहाव्या दिवशी कुणा शेजाऱ्याने डोंगरावर जिथे सिग्नल मिळतो तिथे जाऊन फोन केला. आई होती. छप्पर गेलं होतं.

तोवर आमच्या मराठी मंडळाने दसऱ्याच्या कार्यक्रमात आवाहन करून टाकलं होतं, आणि त्यात पुढाकार माझाच. आपली माणसं अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. दोन दिवसांत माझ्या गराजमध्ये 41 खोकी जमली. कपडे, चादरी, पाण्याच्या बाटल्या, डबाबंद अन्न आणि एका खोक्यात चक्क खाकरे. गाडी बाहेर थंडीत उभी राहू लागली. बायको काही बोलली नाही, पण रोज सकाळी काच खरवडताना माझ्याकडे बघायची.

आता पाठवायचं कसं? अमेरिकेच्या दोन बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकेतच बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या जहाजांतूनच व्हावी, असा 1920 चा जोन्स कायदा आहे. पोर्तो रिकोलाही तो लागू, म्हणून तिकडे माल नेणं एरवीही महाग पडतं. मारियानंतर त्यातून सूट मिळाली, तीही दहाच दिवसांची. पण खरी अडचण जहाजांची नव्हतीच. बेटाची राजधानी सान हुआन, तिथल्या बंदरात सुमारे 10,000 कंटेनर उतरून नुसते पडून होते. ट्रक होते तर डिझेल नव्हतं, डिझेल मिळालं तर ड्रायव्हर सापडत नव्हता, ड्रायव्हर सापडला तर रस्त्यावर दरड. त्या ढिगात आपली 41 खोकी टाकून काय साधणार होतं?

मी हे शेजारणीला सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "तुमचे आभार मानायला हवेत, म्हणून मी गप्प होते. पण कपडे कुणी मागितले होते?"

मी खजील झालो, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. मी उमरग्याचा. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आठवीत होतो. पुढच्या पंधरवड्यात आमच्या भागात ट्रक भरभरून जुने कपडे आले. रस्त्याकडेला ढीग लागले, वर पाऊस पडला. सुटाचे कोट, एकाच पायाचे बूट, जरीचे परकर. ज्या बायांनी जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलं नाही, त्यांच्यापुढे पंजाबी ड्रेस. माझ्या मामाने त्यातल्या कपड्यांनी म्हशीच्या गोठ्याची भिंत बुजवली होती. ते सगळं बघितलेला माणूस गराजमध्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला होता.

मग विचारलं, काय हवंय? तिने आईला विचारलं, आईने वस्तीत विचारलं. उत्तर यायला पाच दिवस लागले, कारण प्रत्येक निरोपासाठी कुणीतरी डोंगर चढत होतं. वस्तीतल्या सात-आठ जणांनी मिळून दुपारचं स्वयंपाकघर सुरू केलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी डबाही पोचवत होते. त्यांची यादी अशी: जनरेटरला डिझेल, गॅसचे सिलिंडर, झाडं कापायच्या करवतीच्या दोन साखळ्या, आणि स्वयंपाक करणाऱ्या दोघींना आठवड्याला थोडे पैसे, कारण त्यांच्या नोकऱ्या वादळाने गेल्या होत्या.

यादी घेऊन मी कार्यकारिणीपुढे गेलो. आमचे खजिनदार काका भारतात बँकेतून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे, दिवाळीच्या वर्गणीतून डिझेल? आणि पगार? लोक मला काय म्हणतील?" पाण्याच्या बाटल्यांना कुणी हरकत घेतली नव्हती. बाटलीचा फोटो छान येतो, हे त्यामागचं कारण असावं, असं मला आजही वाटतं. तासभर वाद झाला. शेवटी एका वहिनींनी विचारलं, "काका, गणपतीत आपण आचाऱ्याला पैसे देतो ना?" त्यावर काका हसले आणि विषय पुढे सरकला.

पण लगेच दुसरी गाठ आली. माझी कंपनी कर्मचाऱ्यांच्या देणगीएवढीच रक्कम स्वतः घालते, मात्र संस्था अमेरिकन आयकर खात्याकडे नोंदलेली असेल तरच. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात असलं तरी तिथल्या संस्थांची करसवलत तिथल्या सरकारकडे वेगळी असते. आयकर खात्याची नोंद सगळ्यांकडे नसते. आमच्या स्वयंपाकघराकडे तर कसलीच नोंद नव्हती. वही होती, बस्स. तेव्हा नोंदणी असलेली तिथलीच एखादी मोठी संस्था शोधायची, जी पैसे आपल्या खात्यात घेईल आणि या गटाला पोचते करील. अशी एक मिळाली. ई-मेल, फॉर्म, पुन्हा ई-मेल यात तीन आठवडे गेले. त्यांच्या कार्यालयातही वीज जनरेटरवरच होती, त्यामुळे उत्तरं दुपारी दोनच तासांत यायची.

ते तीन आठवडे वस्तीने काय खायचं? बेटावर एटीएम बंद, कार्डं चालेनात, सगळा व्यवहार रोखीचा. शेजारीण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आईकडे निघाली तेव्हा आम्ही सहा जणांनी खिशातून 800 डॉलर काढून दिले. मंडळाच्या खात्याला हात लावला नाही. काकांनी स्वतःचे 200 घातले आणि वर बजावलं, "याची पावती नको, पण मंडळाच्या पैशांची हवी."

ती परतली ते वेगळाच चेहरा घेऊन. उतुआदोजवळच रिओ आबाहो नावाच्या वस्तीचा पूल वाहून गेला होता. तिथल्या लोकांनी नदीवर तार ताणून तिला दुकानातली सामानाची ढकलगाडी टांगली होती आणि तीतून अन्नपाणी अलीकडून पलीकडे ओढून नेत होते. मदत आली नाही म्हणून वस्तीने स्वतःलाच 'विसरलेल्यांची छावणी' असं नाव घेतलं होतं. शेजारच्या आद्हुंतास गावात मात्र कासा प्वेब्लो या संस्थेच्या घरात वादळानंतरही दिवे होते. 1980 साली तांब्याच्या खाणींना विरोध करण्यासाठी उभी राहिलेली ही संस्था. संस्थापक आलेक्सिस मासोल यांना पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार 2002 मध्ये मिळालेला. छपरावर 1999 पासून सौर पॅनल होते, म्हणून लोक श्वासोच्छ्वासाची यंत्रं घेऊन तिथे चार्जिंगला येत. सुमारे 14,000 सौर कंदील त्यांनी वाटले. आमच्या पैशांतला एक भाग आम्ही तिकडे वळवला. त्याला कुणी हरकत घेतली नाही. कंदिलाचाही फोटो छान येतो.

डिसेंबरमध्ये स्वयंपाकघराच्या हिशोबाचा पहिला फोटो व्हॉट्सअपवर आला. शाळेच्या वहीचं चौकटीचं पान, कोपऱ्यावर तेलाचा डाग. तारीख, गॅलन, रक्कम आणि पंपवाल्याची सही, कारण पंपावरचं छपाईचं यंत्र बंद होतं. काकांनी फोटो मोठा करकरून पाहिला. बेरीज स्वतः केली. एका ओळीत चार डॉलरची चूक निघाली, आणि ती स्वयंपाकघराच्याच नुकसानीची होती. काका म्हणाले, "त्यांना कळव. चार डॉलर आपण देणं लागतो."

आणि ती 41 खोकी? बेट सोडून हजारो लोक अमेरिकेत येत होते, पर्थ अँबॉयमध्येही. अंगावर उन्हाळी कपडे आणि न्यू जर्सीत डिसेंबर. तिथल्या चर्चने आम्हाला आधी यादी दिली: मापं, मुलांची वयं, कुणाला काय. आमचे कोट, चादरी, लोकरी टोप्या आठवड्याभरात संपल्या. उन्हाळी कपडे उरले. खाकरे आम्हीच खाल्ले.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये, बातमी आली की तिथल्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारात मदतीच्या मालाने भरलेले ट्रेलर सापडले, अन्न सडलेलं, उंदीर झालेले. त्याच महिन्यात मारियाच्या बळींचा अधिकृत आकडा 64 वरून 2,975 झाला. शेजारीण म्हणाली, आमच्या वस्तीतले तीन त्यात धरलेत की नाही कोण जाणे. तिच्या आईकडे वीज मे महिन्यात आली होती. फ्रिजच्या आवाजाने पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणे.

मंडळाच्या वार्षिक सभेत काकांनी छापील हिशोब वाटला. 'हॉलचं भाडं' आणि 'फराळाचं साहित्य' यांच्या मधोमध एक ओळ होती: 'डिझेल, उतुआदो'. मागून कुणीतरी विचारलं, हा कुठला हॉल?