आमची वाटचाल : फक्त कीबोर्ड

आमची फर्म लॅपटॉपच्या कीबोर्डचं काम करते. स्क्रीन, बॅटरी, बिजागऱ्या हेही करून देतो, पण दारात येणारा माणूस बहुतेक वेळा बटणांचीच तक्रार घेऊन येतो. ‘ई दाबलं की दोन ई उमटतात.’ ‘स्पेस डाव्या अंगाने दाबली तरच चालते.’ ‘काल रात्री पाच-सहा बटणं एकदम गेली, बाकीची व्यवस्थित आहेत.’ आणि यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अपराधी सुरात सुरू होतं : ‘मी जरा जोरात टाइप करतो, त्यामुळे असेल.’ इतकी वर्षं हे काम केल्यावर मी ठामपणे सांगतो, त्यामुळे नसतं. बोटांनी दाबण्यासाठीच केलेली वस्तू दाबल्याने खराब झाली, तर दोष बोटांचा नाही.

2009 मध्ये मी आणि माझ्या मित्राने भागीदारीत फर्म काढली तेव्हा कीबोर्ड हा आमचा विषयच नव्हता. नवे-जुने लॅपटॉप विकायचे, सॉफ्टवेअर टाकून द्यायचं, व्हायरस काढायचा, हार्ड डिस्क बदलायची, असा धंदा. कीबोर्ड बदलणं हे मध्येच उरकायचं काम होतं. तेव्हाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये खालून दोन-तीन स्क्रू, वरच्या कडेला चार-पाच लॉक, ते ढकलले की कीबोर्ड पाटीसारखा उचलून हातात. रिबनचं, म्हणजे कीबोर्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या चपट्या केबलचं लॉक उघडायचं, जुना काढायचा, नवा लावायचा. ग्राहक समोर बसून असे आणि हातात लॅपटॉप घेऊनच जात असे. हे किती सोयीचं होतं याची किंमत तेव्हा कुणालाच कळली नव्हती, कारण दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

मग लॅपटॉप पातळ होऊ लागले. कडा उतरत्या असलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या मोठ्या बटणांच्या जागी सुट्या, चपट्या बटणांचे कीबोर्ड सगळीकडे आले. थिंकपॅडसारख्या, कीबोर्डसाठीच ओळखल्या जाणाऱ्या मालिकेनेही 2012 मध्ये सात ओळींचा जुना कीबोर्ड सोडून सहा ओळींचा नवा घेतला. त्यावर लोक खूप नाराज झाले. त्या नाराजीत तथ्य होतं, पण माझ्या मते खरं नुकसान बटणांच्या आकाराने झालं नाही. ते झालं कीबोर्ड बसवण्याच्या पद्धतीने. खूपशा मॉडेलमधले स्क्रू गेले आणि त्या जागी प्लास्टिकचे रिवेट आले. कारखान्यात वरच्या पॅनेलला आतून बारीक प्लास्टिकच्या कांड्या असतात, त्या कीबोर्डच्या पत्र्याच्या भोकांतून वर येतात आणि त्यांची डोकी वितळवून दाबून टाकतात. अशा डझनावारी कांड्या. कीबोर्ड आणि पॅनेल मग एकच वस्तू होऊन बसतात. त्यापर्यंत पोहोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं बाहेर काढावं लागतं, आणि पोहोचल्यावर कळतं की काढण्याची सोयच केलेली नाही.

अधिकृत सेंटरमध्ये अशा वेळी पूर्ण वरचं पॅनेल बदलायला सांगतात. काही मॉडेलमध्ये त्याच्याबरोबर टचपॅड येतं, काहींत बॅटरीसुद्धा. एक बटण नीट उमटत नाही म्हणून एवढा खर्च ऐकल्यावर माणूस विचारतो, ‘मग नवाच घेऊ का?’ आणि उत्तर मिळतं, ‘हो, परवडेल.’ बाकी सगळं सुस्थितीत असलेले किती लॅपटॉप असे निकालात निघाले असतील! हे पाहूनच आम्ही ठरवलं की रिवेटवाले कीबोर्ड आपण सुटे बदलून द्यायचे. विक्रीचा भाग भागीदाराने स्वतंत्रपणे घेतला, मी दुरुस्ती घेतली. त्याच्याकडून आजही ग्राहक येतात.

पद्धत बसवण्याचं श्रेय आमच्या एका सहकारी ताईंचं. त्या शिकाऊ म्हणून आल्या होत्या. भंगारातून आलेल्या पॅनेलवर त्या रिकाम्या वेळात रिवेट कापून बघत. कांडी मुळापासून कापली की नवा कीबोर्ड धरायला काही उरत नाही, आणि वरवर कापली तर पत्रा निघत नाही. धारदार सपाट पात्याने फक्त वितळलेलं डोकं तासायचं, खालचा खुंट शाबूत ठेवायचा, नवा कीबोर्ड त्याच खुंटांवर बसवायचा आणि सपाट टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने खुंट पुन्हा पसरवायचे, ही रीत त्यांनी पक्की केली. जिथे खुंट अपुरा पडतो तिथे बारीक वॉशर आणि गोंद. डोकं वितळवताना उष्णता जास्त झाली की पॅनेलच्या वरच्या बाजूला चकाकी येते, म्हणून आयर्नचं तापमान ठरवून ठेवलेलं असतं. शेवटी जी, एच, बी या भागात बोटाने दाबून बघायचं. तिथे कीबोर्ड खाली गेला, लवला, तर काम पुन्हा. घाईने केलेल्या कामात मधले रिवेट सोडून देतात, आणि टाइप करताना तो मधला लवचिकपणा हाताला रोज जाणवत राहतो.

कीबोर्डच्या आत काय असतं हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला उघडून दाखवतो. वर टोपी, तिच्याखाली कात्रीसारखी प्लास्टिकची दोन पाती, मध्ये रबराचा घुमट आणि सगळ्यांच्या खाली पातळ प्लास्टिकचे तीन थर. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीयुक्त शाईने छापलेल्या रेघा, मधल्या थराला प्रत्येक बटणाखाली भोक. बटण दाबलं की त्या भोकातून दोन रेघा टेकतात. प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली यावरून कंट्रोलर अक्षर ओळखतो. म्हणूनच एक रेघ तुटली की त्या ओळीवरची बटणं एकदम जातात, आणि ती एकमेकांच्या शेजारी असतीलच असं नाही. हे समजलं की ग्राहकाचं वर्णन मोलाचं होतं. आमच्याकडे त्यामुळे नियम आहे : कोणती बटणं गेली, कधी जातात, गरम झाल्यावर की सुरुवातीलाच, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ‘कीबोर्ड खराब’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी टेबलावर चालत नाही.

काही तक्रारींत कीबोर्डला काहीच झालेलं नसतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलं की विंडोजमध्ये फिल्टर कीज सुरू व्हायची विचारणा येते, न वाचता ‘हो’ म्हटलं की बटणं हळू चालल्यासारखी वाटतात. लहान कीबोर्डवर नम लॉक लागलं की अक्षरांच्या जागी आकडे येतात. याचे पैसे आम्ही घेत नाही. उलट, बॅटरी फुगून कीबोर्ड खालून वर उचलला गेला असेल तर बटणांना हातही लावत नाही. आधी बॅटरी, कारण तो धोका आहे आणि तो पुढे ढकलता येत नाही. आणि काही सांडलं तर लगेच लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, उघडाच उलटा ठेवा आणि चालू करून बघायचा मोह आवरा, हे आम्ही फोनवरच सांगतो. गोड पेय असेल तर साखर आत वाळते, आणि वीज चालू राहिली तर ओलाव्यात चांदीच्या रेघा खाल्ल्या जातात. त्या एकदा गेल्या की अल्कोहोलने कितीही पुसलं तरी परत येत नाहीत.

आमच्या फर्मच्या वाटचालीत एका जगजाहीर प्रकरणाचा मोठा वाटा आहे. ॲपलने 2015 मध्ये बारा इंची मॅकबुकमध्ये बटरफ्लाय, म्हणजे फुलपाखराच्या पंखांसारख्या पात्यांचा कीबोर्ड आणला. आधीच्या कात्री रचनेपेक्षा तो 40 टक्के पातळ असल्याचं कंपनीने सांगितलं होतं. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. पुढच्या वर्षी तो मॅकबुक प्रोमध्ये आला आणि तक्रारी वाढत गेल्या : बटण अडकतं, दोनदा उमटतं, उमटतच नाही. धुळीचा कण आत गेला तरी पुरे. जून 2018 मध्ये कंपनीने अशा मॅकबुकसाठी, खरेदीपासून चार वर्षांपर्यंत लागू असलेली मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, त्याच वर्षी बटणांखाली सिलिकॉनचा पातळ पडदा घातला, आणि 2019 च्या अखेरीस सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये पुन्हा कात्रीची रचना आणून सुमारे 1 मिलिमीटरची चाल दिली. अमेरिकेतला सामूहिक दावा 2022 मध्ये 5 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. यानंतर आमच्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात फरक पडला. ‘मी जोरात टाइप करतो’ ऐवजी ‘याची रचनाच अशी आहे का?’ असं लोक विचारू लागले. कोणत्याही कंपनीचा लॅपटॉप असो, हा प्रश्न विचारणं बरोबर आहे.

रचनेबद्दल विचारायला सुरुवात केली की नुसता टिकाऊपणा उरत नाही, मांडणीही येते. वरचा आणि खालचा बाण अर्ध्या उंचीचे, डावा-उजवा पूर्ण उंचीचे, त्यामुळे बोटाला न बघता बाण सापडत नाहीत. पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी, आणि तेही कीबोर्डच्याच रिबनवर. मग कीबोर्ड गेला की लॅपटॉप सुरूच होत नाही आणि माणूस समजतो मदरबोर्ड गेला. होम, एंड, पेज अप, पेज डाउन एफएनच्या आड दडवलेले. मोठ्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांचा भाग घालण्यासाठी अक्षरं डावीकडे सरकवलेली, म्हणजे दिवसभर खांदा तिरका. वरच्या ओळीच्या जागी स्पर्शाची पट्टी आणण्याचे प्रयोग 2014 च्या थिंकपॅड एक्स 1 कार्बनमध्ये झाले, 2016 च्या मॅकबुक प्रोमध्ये झाले, आणि दोन्हीकडे खरी बटणं परत आणावी लागली.

या विषयात मला सगळ्यात जास्त आमच्या एका दृष्टिहीन ग्राहकांनी शिकवलं. ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतात. एफ आणि जे वरचे उंचवटे किती ठळक आहेत, एफ 4 आणि एफ 5 च्या मध्ये फट आहे की नाही, मेन्यूचं बटण वेगळं आहे का, हे त्यांच्यासाठी प्रोसेसरपेक्षा महत्त्वाचं. 2024 पासून नव्या विंडोज लॅपटॉपवर कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय सहाय्यकाचं बटण येऊ लागलं, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी उजवं कंट्रोल किंवा मेन्यू बटण गेलं. त्यांना नवा लॅपटॉप घ्यावा लागला तेव्हा आम्ही पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच सॉफ्टवेअरमधून त्या बटणाचं काम बदलून दिलं. फट मात्र सॉफ्टवेअरने तयार होत नाही. तिथे बटणावर पारदर्शक उंच ठिपका चिकटवला. तेव्हापासून मांडणी बदलून देणं हे आमच्याकडे रीतसर काम झालं, त्याची वेगळी नोंद ठेवतो.

सुट्या भागांचा विषय कटकटीचा आहे. एकाच मॉडेलला एन्टरच्या दोन आकारांचे, बॅकलाइटच्या दुसऱ्या रिबनसह आणि त्याशिवाय, फ्रेमसह आणि बिनफ्रेमचे कीबोर्ड असतात. नक्कल मालात टोपीवरचं अक्षर लवकर पुसतं, रबर कडक असतं आणि स्पेसखालची तार सैल. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक कीबोर्ड टेस्टरला जोडून प्रत्येक बटण मधोमध आणि चारही कोपऱ्यांत दाबून बघतो. कोपऱ्यात न उमटणारा कीबोर्ड परत जातो. पुरवठादारांना हे सुरुवातीला जाचक वाटलं, आता ते आमच्यासाठी वेगळा लॉट काढून ठेवतात.

गेल्या काही वर्षांत ऑफिसं आम्हाला खरेदीच्या आधी बोलावू लागली आहेत, आणि मला हे काम दुरुस्तीपेक्षाही मोलाचं वाटतं. आम्ही नमुन्याचा लॅपटॉप मागतो, जे रोज टाइप करतात त्यांनाच बसवतो आणि त्यांच्याच कामाचा मजकूर लिहायला सांगतो. मग मागचं झाकण उघडून कीबोर्ड कसा बसवलाय ते बघतो. स्क्रूचा असेल तर लेखी सांगतो, रिवेटचा असेल तर तेही. पातळ लॅपटॉपमध्ये सुटा कीबोर्ड देता येत नाही हे मी मानत नाही. 2021 मध्ये आलेल्या, फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपला कीबोर्ड सुटा मिळतो आणि ग्राहक तो स्वतः बसवू शकतो. काही थिंकपॅडचा कीबोर्ड आजही खालचे दोन स्क्रू सोडवून सरकवला की निघतो. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉप विकताना त्याची दुरुस्ती किती सोपी याचे गुण दाखवावे लागतात. म्हणजे कंपन्यांना हे जमतं, मागणारा हवा.

ती मागणी आमच्या हातून जेवढी पुढे जाईल तेवढी न्यायची ठरवलं आहे. ज्यांचा कीबोर्ड सुटा बदलता येतो अशा मॉडेलची यादी आम्ही काउंटरवर लावली आहे. नवं मॉडेल आमच्या टेबलावर उघडलं गेलं की ताई त्या यादीत बदल करतात. ऑफिसांच्या खरेदी अटींमध्ये घालायला ‘कीबोर्ड स्वतंत्रपणे बदलता येणारा असावा आणि सुटा भाग पाच वर्षं उपलब्ध असावा’ असं वाक्यही लिहून देतो. दोन ऑफिसांनी ते घेतलं आहे, तिसऱ्याशी बोलणी चालू आहेत.