बाळंतपणातली इजा आणि नंतरची तपासणी

माझे पहिले बाळंतपण इंग्लंडमध्ये मिडवाइफच्या, म्हणजे प्रशिक्षित सुईणीच्या, देखरेखीखाली झाले आणि त्यात मला तिसऱ्या श्रेणीची इजा झाली, म्हणजे योनी व गुदद्वार यांमधली त्वचा आणि स्नायू तर फाटलेच, शिवाय मलविसर्जनावर ताबा ठेवणाऱ्या गोल स्नायूलाही धक्का पोहोचला. ही बातमी माहेरी कळल्यावर पहिला प्रश्न आला, ‘डॉक्टर नव्हते का?’ डॉक्टर नव्हते म्हणूनच इजा झाली, हा या प्रश्नात दडलेला आरोप मला मान्य नाही.

योनीमार्गे पहिल्यांदा प्रसूत होणाऱ्या बहुतेक स्त्रियांना थोडीफार इजा होतेच. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी इजा ब्रिटनमध्ये पहिलटकरणींपैकी शंभरात साधारण सहाजणींना होते. बाळ चार किलोहून जड असणे, जोर करण्याचा टप्पा लांबणे, बाळ ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागणे ही तिची कारणे आहेत, आणि तिथल्या नोंदींनुसार आशियाई वंशाच्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो. ही शेवटची गोष्ट परदेशातल्या प्रत्येक मराठी गर्भवतीला आधीच सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मिडवाइफने बाळाचे डोके दिसू लागल्यावर कोमट पाण्यात भिजवलेले कापड तिथे धरले, एका हाताने डोक्याचा वेग आवरला, दुसऱ्या हाताने खालच्या भागाला आधार दिला आणि मला जोर न करता लहान लहान श्वास घ्यायला सांगितले. तरीही फाटले. मात्र वार पडल्यानंतर तिने दिवा जवळ ओढला, माझी परवानगी घेतली आणि गुदद्वारात बोट घालून, बाहेरून अंगठा ठेवून, स्नायू चाचपून पाहिला. वरवर पाहता ती जखम साधी दिसत होती. या एका तपासणीमुळे खरी खोली कळली. तिने लगेच डॉक्टरांना बोलावले आणि शस्त्रक्रियागृहात कमरेखालचा भाग बधिर करून स्नायूला टाके घातले गेले. हीच इजा नजरेतून सुटली असती, तर वरची कातडी शिवली गेली असती आणि आतला स्नायू तसाच राहिला असता.

नंतर अँटिबायोटिक, शौचाला मऊ व्हावे म्हणून लॅक्ट्युलोज हे औषध आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी असा क्रम होता. आपल्याकडे अनेक घरांत बाळंतिणीला पाणी बेताने देतात. टाके असताना मलावरोध होऊन कुंथावे लागणे किती त्रासाचे, हे अनुभवल्यामुळे ही प्रथा सोडून द्यावी, असे मी आईलाही स्पष्ट सांगितले.

प्रसूतीच्या वेळी योनीमुखाशी सरसकट चीर देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले आणि त्याच वर्षी भारत सरकारने प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. या प्रशिक्षणात टाके घालण्याइतकेच महत्त्व गुदद्वाराच्या तपासणीला मिळावे, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे. ज्या स्त्रियांना प्रसूतीनंतर वायू किंवा शौच धरता येत नाही, त्यांनी ‘बाळंतपणात असे चालायचेच’ हे कोणाचेही म्हणणे ऐकून घेऊ नये. काही महिने किंवा वर्षे उलटली असली तरी तपासणी करून घेता येते आणि उपचारही होतात.